दोन मिनिटं कावेरी, तोंड मिटून

"मावशी, आमच्याकडे त्रिचीला फक्त एक दिवस आहे. मस्ट-सी काय काय आहे तेवढं सांगा ना."

झालं! सुवर्णाबाईंनी फोन कानापासून लांब धरला, छताकडे बघितलं आणि मग पुन्हा कानाला लावला. एक दिवस! घराला कार्पेट निवडायला या लोकांना तीन वीकएंड लागतात, आणि कावेरीकाठची शतकानुशतकांची देवळं मात्र एका दिवसात उरकायची. वर 'तेवढं' सांगा म्हणे.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींत हे ठरूनच गेलं होतं. दक्षिणेची ट्रिप काढायची तर मदुराई-रामेश्वरमचं आपलं आपण बघावं, पण त्रिचीसाठी सुवर्णा मावशींना फोन करावा, कारण त्या तिथे वाढल्यात. ते खरंच होतं. वडील पोन्मलैच्या रेल्वे वर्कशॉपात होते. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून त्यांनी श्रीरंगमला, देवळाच्या तटाला लागून असलेल्या एका गल्लीत घर घेतलं. क्वार्टर मिळालं तेव्हा आईने सामान हलवायला साफ नकार दिला. "रंगनाथाचा शेजार सोडून मी त्या वर्कशॉपच्या भोंग्यापाशी राहायला जायची नाही," म्हणाली. आईने नाही म्हटलं की विषय संपला. वडील नोकरी संपेपर्यंत रोज कावेरीचा पूल ओलांडून कामावर जात राहिले, आणि तीन वर्षांची सुवर्णा त्या गल्लीत आली ती लग्न होऊनच बाहेर पडली. पुढे पुणं, मग न्यू जर्सी, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या बाटल्या तपासण्यात गेलेली सगळी नोकरी, आणि आता निवृत्ती. निवृत्ती कसली, बिनपगारी टूर गाइडची नोकरी!

बरं, विचारतात तर ऐकतात का? नाव नको. देवळं दुपारी बंद असतात, हे अमेरिकेतून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. "पण मावशी, वेबसाइटवर ओपन लिहिलं होतं!" लिहिलं असेल. देव काय वेबसाइट वाचून उठतो? आणि बंद व्हायच्या आधी, बाराच्या सुमाराला, जिथे खरोखर जायला हवं तिथे कुणी जात नाही. तिरुवानैकावलला शंकराचं लिंग पाण्यात आहे. तिथे ऐन मध्यान्हीला पुजारी देवीची साडी नेसून, डोक्यावर मुकुट घालून, वाजतगाजत शंकराच्या पूजेला निघतो. पार्वतीच नवऱ्याच्या पूजेला निघाली असं मानायचं. काय सांगावं ते दृश्य! लहानपणी सुवर्णाबाई शाळा बुडवून ते बघायला जायच्या. आणि आपली मंडळी? त्या वेळी हॉटेलच्या एसीत बसून बुफेतलं पनीर खात असतात. त्रिचीला जाऊन पनीर!

"तू चिडतेस चिडतेस आणि मग त्यांना सगळा प्लॅनही करून देतेस," त्यांचे यजमान रवींद्रकाका म्हणायचे. ते सोफ्यावर शब्दकोडं घेऊन बसलेले असत. चाळीस वर्षं पुलांची डिझाइनं केलेला माणूस, आता आडवे-उभे शब्द जुळवायचा.

"करून देते, कारण मला माझं काम आहे त्यांच्याकडे," सुवर्णाबाई म्हणायच्या.

काम एकच होतं, आणि प्रत्येकाला त्या ते अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगायच्या. श्रीरंगमला कावेरीवर अम्मा मंडपम म्हणून घाट आहे. सकाळी तिथे जा. खालच्या पायरीवर उभे राहा. फोन नदीकडे धरा, स्वतःकडे नाही. दोन मिनिटं व्हिडिओ काढा, आणि त्या दोन मिनिटांत तोंड मिटून ठेवा. बस. साडी नको, प्रसाद नको, तंजावरची डोलणारी बाहुली तर मुळीच नको, घरात तीन आहेत.

हे सगळं आईसाठी होतं.

आई म्हणजे पद्मिनीबाई, आता नव्वदीच्या पुढे. वडील गेल्यावर सुवर्णाबाईंनी तिला इकडे आणलं. खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहून तिने वीस वर्षं मुलीचा संसार चालवला, म्हणजे खुर्चीत बसून हुकूम सोडले. फोडणी जळतेय. पडदे कधी धुतले होतेस? केस पुसल्याशिवाय फिरू नकोस. साठी उलटलेल्या मुलीला ती "अक्कल कुठे ठेवतेस गं?" असं विचारायची, तेही जावयासमोर. सुवर्णाबाईंच्या नाकी नऊ यायचे. "माझी आई मला एकदा तरी थँक यू म्हणेल का?" असं त्या मैत्रिणींना विचारायच्या आणि सगळ्या हसायच्या.

मग दीड वर्षापूर्वी, गणपतीच्या दिवसांत, आईला लहानसा स्ट्रोक आला. डोळ्यांनी आधीच दगा दिला होता, आता माणसंही तिच्या हातून निसटली. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा सुवर्णाबाईंनी तिला भात भरवला, तोंड पुसलं, आणि आई गोड हसून म्हणाली, "थँक यू, सिस्टर."

तेव्हापासून सुवर्णाबाई सिस्टर झाल्या, रेल्वे हॉस्पिटलातली कुणी भली नर्स. आई आता त्यांच्यावर कधी ओरडायची नाही. पाणी दिलं की थँक यू, उशी सारखी केली की थँक यू. आणि रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, आवाज खाली आणून विचारायची, "सिस्टर, माझी मुलगी घाटावरून आली का हो? केव्हाची गेलीये. पाण्यातून निघतच नाही, मेली."

"अगं आई, मीच ती. मी सुवर्णा."

आई मान हलवायची, परक्या माणसाचा मान राखावा तशी, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची.

सुवर्णाबाईंच्या मनाने मग एकच घेतलं. आईची मुलगी त्या घाटावर राहिली आहे ना, मग आईला घाटावर न्यायला हवं. विमानाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं, आणि आईला सोडून आपण जाणं तर बाजूलाच. डोळ्यांना दिसत नाही, पण कान अजून शाबूत आहेत. नदीचा आवाज तिच्या कानावर पडला तर कदाचित ती आपल्याला एकदा नावाने हाक मारेल. एकदा. नंतर पुन्हा सिस्टर म्हणाली तरी चालेल. एवढीच मागणी होती, आणि ती पुरी व्हायला दोन मिनिटं तोंड मिटणारा एक मराठी माणूस हवा होता.

तो मिळेना!

पहिले गेले नरेंद्र आणि पद्मजा. नरेंद्र म्हणजे रिटायर्ड सिव्हिल इंजिनीअर, शहाणासुरता माणूस. व्हिडिओ आला तो उघडला तर सगळ्या स्क्रीनभर नरेंद्रचं तोंड. मागे कुठेतरी कानाएवढी नदी. आणि तोंडाचा पट्टा असा सुटलेला की बोलायची सोय नाही: चोळ राजांनी कल्लणैचं धरण कसं बांधलं, पाणी कसं वळवलं, आपले आजकालचे कॉन्ट्रॅक्टर कसे चोर आहेत. आई शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सिस्टर, हे मास्तर फार बोलतात."

मग एक कुटुंब गेलं ते मे महिन्यात. सुवर्णाबाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की मेमध्ये जाऊ नका, नदीला पाणी नसतं. "पण मावशी, तिकिटं तेव्हाचीच स्वस्त मिळतायत." व्हिडिओत लांबच लांब वाळू आणि वाळूत क्रिकेट खेळणारी पोरं. आवाज कसला, तर "हाउज दॅट!" तिसऱ्या बाईने खरोखर तोंड मिटून नदी टिपली. सुवर्णाबाईंच्या जिवात जीव आला. पण पाठवण्याआधी तिने त्यावर बासरी घातली. "मूळ साउंडमध्ये खूप डिस्टर्बन्स होता ना मावशी, बायका कपडे काय आपटत होत्या, घंटा काय, भटजी काय ओरडत होते. ते सगळं म्यूट केलं." आणि मूळ व्हिडिओ? तो डिलीट केला, फोनमध्ये जागा नव्हती.

सुवर्णाबाईंनी त्या दिवशी कपाळावर हात मारला तो आवाज वरच्या मजल्यावर ऐकू गेला.

यूट्यूबवरही बघून झालं होतं. तिथे एक तर वीणा, नाहीतर ड्रोन, नाहीतर कुणी गृहस्थ सबस्क्राइब करा म्हणून ओरडतोय. ओळखीचं म्हणावं तर त्या गल्लीत आता कोण उरलंय? शेजारच्या घरातली पोरं, ज्यांच्याबरोबर त्या पाण्यात डुंबल्या, त्यातला एक फ्रीमाँटला आणि दोघं फ्रिस्कोला. सगळं श्रीरंगम अमेरिकेत येऊन बसलंय आणि नदी तेवढी तिकडे राहिलीये.

आता फोनवर होता सिद्धेश, चार घरं सोडून राहणारा नागपूरचा मुलगा. मुलगा कसला, चाळिशीला आलेला. पण कुणी काही सांगायला लागलं की त्याचं लक्ष पुढच्या गोष्टीवर. बायको शिवांगी शहाणी होती. दोघांना सुवर्णाबाईंनी घरी बोलावलं, दडपे पोहे दिले आणि समोर बसवून सांगितलं.

"एक दिवस आणि दुसरी सकाळ आहे ना तुमच्याकडे? मग दोनच देवळं. सकाळी श्रीरंगम, मध्यान्हीच्या आत तिरुवानैकावल, दुपारी झोप. संध्याकाळी जमलं तर रॉकफोर्टवर गणपती. रंगनाथाची मूर्ती खाली ठेवली म्हणून विभीषण मारायला धावला तेव्हा तो पळत जाऊन त्या खडकाच्या टोकावर बसलाय, तो काही तुमच्यासाठी खाली येणार नाही, दम ठेवून चढा. आणि दुसऱ्या सकाळी अम्मा मंडपम."

"येस मावशी," सिद्धेश म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. त्यात आधीच पाच देवळं, एक धरण आणि एक बिर्याणी बसवलेली होती. "मी रूट ऑप्टिमाइज केलाय. दुपारचा डेड टाइम आपण वापरून घेतोय."

"डोंबल तुझा डेड टाइम! अरे, त्या दगडी अंगणांतून दुपारी अनवाणी चालायचं असतं. पाय भाजतील पोरीचे."

"नाही हो मावशी, डिसेंबर आहे."

शिवांगीने सुवर्णाबाईंकडे बघितलं. ते बघणं सुवर्णाबाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्याही रवींद्रकडे असंच बघत असत. निघताना त्यांनी सिद्धेशला दारात थांबवलं.

"सिद्धेश, पाच नाही पंधरा देवळं बघ. पण माझं ते एक काम नीट कर. माझी आई मला ओळखत नाही रे आता."

सिद्धेशने मान हलवली. चेहरा गंभीर केला होता, पण सुवर्णाबाईंना भरवसा वाटला नाही. इतक्या जणांनी मान हलवून झाली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं परत आल्याचं सांगायला आली, तीही न कळवता. सुवर्णाबाईंनी नुकतं न्हाऊन केसांना पंचा गुंडाळला होता. पंचा सोडून त्या तशाच दार उघडायला गेल्या. बाहेर बर्फ साचलं होतं. सिद्धेश बूट काढता काढताच म्हणाला, "मावशी, सॉरी. आधीच सॉरी म्हणतो."

सुवर्णाबाई तिथेच खुर्चीवर बसल्या. "बोल. तोंड आलंय, वाळू आलीये, बासरी आलीये. तू काय आणलंस?"

"काहीच नाही आलं. म्हणजे व्हिडिओ आहे, पण काळा आहे."

"काळा म्हणजे?"

मग शिवांगीने सांगितलं. आदल्या दिवशी पाच देवळं झाली होती. तिरुवानैकावलला पोचले तेव्हा दार बंद. मग तिथून भर उन्हात आणखी कुठेकुठे. तिच्या तळव्यांना फोड आले. "मावशी, मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. सकाळी घाटावर गेलो, मी वरच्या पायरीवर बसले, हा खाली. एक शब्द बोललो नाही."

"मी व्हिडिओ सुरू केला होता," सिद्धेश म्हणाला. "पण शेवाळावर पाय घसरला. फोन पटकन शर्टच्या खिशात टाकला आणि घाटावरची साखळी धरली. मग वाटलं बंद झालाय. तिथेच बसून राहिलो. ही बोलत नव्हती, मग मी तरी कुणाशी बोलणार? इथे आल्यावर बघितलं तर नुसता अंधार. वीस-पंचवीस मिनिटं खिशातला अंधार! मी डिलीटच करणार होतो, ही नको म्हणाली."

सुवर्णाबाईंच्या तोंडाशी अगदी ठेवणीतलं आलं होतं. इतका शिकलेला माणूस, आणि साधी नदी दाखवता येऊ नये! पायांना फोड आणलेस बायकोच्या, आणि माझ्यासाठी खिसा घेऊन आलास! त्या बोलणारच होत्या. पण शब्दकोड्यातून मान वर न करता रवींद्रकाका म्हणाले, "अगं, पण आईंना कुठे दिसतंय?"

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग सिद्धेशपुढे हात केला. "दे तो फोन."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, अंगावर जाड शाल. सुवर्णाबाई तिच्या पायांशी खाली सतरंजीवर बसल्या आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला. शिवांगी आणि सिद्धेश दारातच थांबले. स्क्रीनवर खरोखरच काही नव्हतं.

आधी कापडाची खरखर, मग सिद्धेशचा एक "आई गं!" मग काही नाही. आणि मग हळूहळू पाणी ऐकू यायला लागलं, पायरीला लागून मागे जाणारं. कुणीतरी धप्पधप्प कपडे आपटत होतं. भटजी कुणाकडून तरी संकल्प म्हणून घेत होते, घाईघाईने, मागचं गिऱ्हाईक थांबलेलं असल्यासारखे. लांबून घंटा. एक म्हातारा खोकत पाण्यात उतरला आणि थंडीने त्याने रंगा, रंगा म्हटलं. काहीही बदललं नव्हतं. तोच तो खोकला!

आई ऐकत होती की झोपली होती, कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ गेला. सुवर्णाबाईंना वाटलं, संपलं, हेही संपलं. आता ती थँक यू सिस्टर म्हणेल आणि आपल्याला स्वयंपाकघरात जाऊन रडावं लागेल. त्यांनी फोन उचलायला हात पुढे केला.

तेवढ्यात फोनमधून एका बाईचा आवाज आला, खणखणीत, वैतागलेला. "पोदुम! पोदुम! मेले वा!" पुरे, पुरे, वर ये. कुणाची तरी पोर पाण्यातून निघत नव्हती. पाण्यात चुबुक झालं आणि एक लहान मुलगी खिदळली.

आईची मान वर झाली. कपाळाला आठ्या पडल्या. दीड वर्षात त्या कपाळावर एक आठी पडली नव्हती.

"सुवर्णे!"

दारात शिवांगीने तोंडावर हात ठेवला.

"सुवर्णे, हाका मारून घसा सुकला माझा. पुरे झालं. वर ये."

"आले," सुवर्णाबाई म्हणाल्या. मग पुढे सरकून पुन्हा म्हणाल्या, "आले गं आई. ही बघ, आले वर."

"आले आले म्हणतेस आणि परत बुडी मारतेस. अक्कल कुठे ठेवतेस गं?" आईने हात पुढे करून चाचपलं. बोटं आधी सुवर्णाबाईंच्या खांद्याला लागली, मग केसांना. केस ओले होते.

"बघ! ओलीच फिरतेयस. शिंका काढत बसशील रात्रभर, आणि उठायचं कुणी? मी."

आणि तिने अंगावरची शाल ओढून घेतली, मुलीचं डोकं मांडीशी धरलं आणि केस पुसायला लागली, खसाखसा, सगळा राग हातात आणून. तेवढ्या वाळक्या हातांत कुठून जोर आला होता कुणास ठाऊक. फोन सतरंजीवर घसरून पडला, तरी त्यातली नदी चालूच होती.

"दुखतंय गं आई," सुवर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोकं आणखी पुढे केलं.